ऑनलाइन ख्रिस्ती सेवा सुरू करताय? आधी विश्वास आणि हेतू लिहून काढा

पुण्यात आज कितीतरी तरुण ख्रिस्ती मुलंमुली मोबाइलवरून वचनाची सेवा करताहेत. कोणी रात्री दहाला झूमवर प्रार्थना घेतं, कोणी यूट्यूबवर पाच मिनिटांचं मनन टाकतं, कोणी व्हॉट्सॲपवर रोज सकाळी वचन पाठवतं. उत्साह दांडगा असतो, आणि तो असायलाच हवा. पण थोड्याच दिवसांत प्रश्न यायला लागतात. तुम्ही कॅथलिक की प्रोटेस्टंट? तुमचे पास्टर कोण? येशूला देव मानता की नुसता गुरू? पैसे कुठे जातात? धर्मांतर करता का? ज्याच्या हातात त्या वेळी फोन असेल तो आपल्या परीने उत्तर देतो, आणि एकाच सेवेतून चार माणसं चार वेगळ्या गोष्टी सांगू लागतात.

पुण्यातल्या एका लहानशा मराठी ऑनलाइन सेवेचा विश्वास आणि हेतू लिहिण्याच्या कामात मी सुरुवातीपासून होते. ते काम कसं करावं, कुठे अडायला होतं आणि काय टाळावं, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी इथे क्रमाने मांडते. एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. ही दोन-तीन पानं म्हणजे ऐकणाऱ्याला दिलेला शब्द आहे. उद्या आपण वाट सोडली तर त्याने हाच कागद पुढे करून आपल्याला जाब विचारावा, अशा तयारीने तो लिहायचा.

बसण्याआधी हे जमवा

- मराठी बायबलची शक्यतो दोन भाषांतरं
- प्रेषितांचा विश्वासांगीकार आणि निकेयाचा विश्वासांगीकार (मंडळी काय मानते ते थोडक्यात सांगणारी जुनी निवेदनं), दोन्ही मराठीत (मंडळीच्या उपासनेच्या पुस्तकात मिळतील)
- तुमच्या मंडळीचं किंवा पंथाचं स्वतःचं विश्वासपत्र (आपण काय मानतो ते लिहिलेला कागद) असेल तर त्याची प्रत
- पाळकांचं किंवा फादरांचं, या कामाला संमती असल्याचं सहीचं पत्र
- सेवेत बोलणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि ग्रुप सांभाळणाऱ्या प्रत्येकाचं नाव
- ट्रस्ट असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र, ट्रस्ट डीड, पॅन आणि ट्रस्टच्या नावाचं बँक खातं
- धर्मादाय कार्यालयाची कामं करणारा एक वकील
- मसुदा वाचून दाखवायला एक-दोन साधी माणसं, ज्यांनी देवशास्त्र कधी शिकलेलं नाही

१. हेतू एका वाक्यात बसवा

"संपूर्ण महाराष्ट्राला सुवार्ता" हे ऐकायला छान वाटतं, पण त्यावरून सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं ते कळत नाही. हेतूत तीन गोष्टी याव्यात: कोणासाठी, काय देणार, आणि ऐकणारा माणूस पुढे कुठे जाणार.

आपल्या शहराकडे बघा. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारे आहेत. रविवारीही ड्यूटी चुकत नाही अशा नर्स आहेत. नगर, जालना, संभाजीनगरकडून आलेली आणि अजून इथे मंडळी न सापडलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबं आहेत. आणि ज्यांनी बायबल कधी हातात घेतलेलं नाही, पण येशूबद्दल विचारावंसं वाटतं, असेही बरेच आहेत. या सगळ्यांना एकाच वेळी पुरं पडता येत नाही. रात्रपाळीवाल्याला सकाळी घरी परतल्यावर वीस मिनिटं हवीत, नव्याने विचारणाऱ्याला "पौल कोण?" इथपासून सुरुवात हवी.

आम्ही शेवटी ज्या वाक्यावर आलो ते साधारण असं आहे, तुम्ही तुमच्या कामाप्रमाणे बदला:

"पुणे आणि परिसरातील मराठी भाषकांना बायबल समजेल अशा भाषेत शिकवणे, त्यांच्यासाठी प्रार्थना करणे आणि त्यांना घराजवळच्या मंडळीशी जोडून देणे हा या सेवेचा हेतू आहे."

शेवटचा तुकडा गाळू नका. एकत्र येणं सोडू नका, असं इब्री लोकांस पत्रात (१०:२५) सांगितलं आहे. घरात मयत झाली की कब्रस्तानात शेजारी उभं राहायला माणसं लागतात, बाळंतिणीला डबा पोचवायला कोणीतरी लागतं. मोबाइलच्या पडद्यातून हे होत नाही, आणि होईल असं भासवूही नये.

२. गाभा जुन्या विश्वासांगीकारांवर उभा करा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

पहिला सापळा म्हणजे "आम्ही फक्त बायबल मानतो" एवढंच लिहून मोकळं होणं. येशू हा निर्माण केलेला आहे असं शिकवणारेही हेच म्हणतात, आणि त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) नाकारणारेही हेच म्हणतात. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. प्रश्न नेमका हाच उभा राहिला होता तेव्हा, इ. स. ३२५ मध्ये, निकेयात बिशप जमले. एरियस नावाचा आलेक्झांड्रियाच्या मंडळीतला एक पाळक शिकवत होता की पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे. एरियसही पवित्र शास्त्रातलेच दाखले देत होता. म्हणून मंडळीला स्पष्ट शब्दांत सांगावं लागलं की पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. इ. स. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला त्यात पवित्र आत्म्याविषयीचा भाग वाढवला गेला. आज आपण निकेयाचा विश्वासांगीकार म्हणून जे म्हणतो ते बहुतांशी हेच. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथॉडिस्ट, ऑर्थोडॉक्स हे सगळे तो मान्य करतात. पुण्यासारख्या शहरात, जिथे एका चाळीत तीन वेगवेगळ्या मंडळ्यांची घरं असतात, तिथे एवढी मोठी सामायिक जमीन आयती मिळते. ती सोडू नका.

दुसरा सापळा म्हणजे परदेशी सेवेचं विश्वासपत्र उचलून भाषांतर करणं. त्यात त्यांच्याकडचे वाद सोबत येतात. शेवटच्या काळातल्या महासंकटाच्या आधी मंडळी स्वर्गात वर घेतली जाईल की नंतर, यावर त्यात लांबलचक परिच्छेद असतात. महासंकटाआधीची मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या बायबल-शिक्षकामुळे पसरली. निकेयाचा विश्वासांगीकार मात्र एवढंच म्हणतो की ख्रिस्त जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला गौरवाने पुन्हा येईल. गाभ्यात तेवढंच ठेवा.

आता कलमं. प्रत्येक कलम दोन-तीन वाक्यांचं, आणि खाली एखादा संदर्भ. मी हा क्रम सुचवेन:

पवित्र शास्त्र. ते देवप्रेरित आहे आणि विश्वास व आचरणासाठी अधिकाराचं आहे (२ तीमथ्य ३:१६).

एकच देव, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. इथे दृष्टांतांपासून सावध राहा. "पाणी, बर्फ, वाफ" हा दाखला आपल्याकडे संडे स्कूलपासून देतात, पण त्यातून एकच देव तीन रूपं पालटतो असा अर्थ निघतो, आणि तो अर्थ मंडळीने फार पूर्वीच नाकारलेला आहे. "एकच माणूस बापही असतो आणि मुलगाही" याचंही तेच. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पुत्र पाण्यात आहे, आत्मा उतरतो आहे आणि पिता बोलतो आहे, हा मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायातला प्रसंगच द्या. तो कोणत्याही दाखल्यापेक्षा बरा.

येशू ख्रिस्त. पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, जसं इ. स. ४५१ मध्ये खाल्केदोनच्या परिषदेने मांडलं. आपल्या पापांसाठी तो मेला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात (१५:३-४) हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणून सांगतो. तुमचं पूर्ण विश्वासपत्र विसरलं तरी चालेल, पण हे वाक्य सेवेतल्या प्रत्येकाला पाठ हवं.

तारण. ते कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळतं. ते कमावता येत नाही. इफिसकरांस पत्रातली २:८-९ ही वचनं सगळे देतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की दहावं वचनही सोबत द्या, कारण त्यात सत्कृत्यांसाठी आपण निर्माण झालो आहोत असं म्हटलं आहे. त्याविना "काहीही करा, कृपा आहेच" असा अर्थ काढणारे भेटतात.

पवित्र आत्मा, मंडळी, मेलेल्यांचं पुनरुत्थान आणि येणाऱ्या युगाचं जीवन, ही कलमं थोडक्यात घ्या. शब्द जुळवत बसायची गरज नाही, विश्वासांगीकारातलेच वापरा.

३. मतभेदांचं पान वेगळं ठेवा

प्रामाणिक ख्रिस्ती माणसांतही काही बाबतींत दुमत आहे. बाळांना बाप्तिस्मा द्यावा की कळत्या वयात? अन्य भाषांत बोलण्याचं दान आजही आहे का? स्त्रियांनी उपदेश करावा का? बायबलात पुस्तकं किती, प्रोटेस्टंटांची ६६ की कॅथलिकांची ७३? हे गाभ्यात घुसडलं की निम्मे ऐकणारे दारातच परके होतात. काहीच न सांगता सोडलं तर संदेश देणारा प्रत्येक जण आपलं मत सेवेचं म्हणून रेटतो.

म्हणून एक वेगळं पान करा. प्रत्येक विषयापुढे तीनपैकी एक लिहा: "आमची भूमिका ही आहे", "आम्ही दोन्ही बाजू सांगतो" किंवा "हे ऐकणाऱ्याने आपल्या पाळकांना विचारावे". बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन आम्ही तिसऱ्या रकान्यात ठेवले, कारण ते मंडळीत प्रत्यक्ष व्हावेत असं आमचं मत पडलं. दुसऱ्या मंडळ्यांची चेष्टा किंवा कॅथलिकांच्या मरियाभक्तीवर टोमणे सेवेतून येणार नाहीत, हेही त्याच पानावर लिहून टाका.

४. आजारपण आणि चमत्कार यावर स्पष्ट लिहा

ऑनलाइन सेवेत येणाऱ्या प्रार्थनेच्या विनंत्यांत आजारपण फार मोठं असतं. कॅन्सर, डायलिसिस, मूल होत नाही, मुलगा दारूतून सुटत नाही. रात्री साडेअकराला एखादी आई व्हॉइस मेसेज पाठवते, मागे ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज येत असतो, आणि ती विचारते, "ताई, गोळ्या बंद केल्या तर देवावर जास्त विश्वास ठेवल्यासारखं होईल का?" या प्रश्नाला दोन मिनिटांत आणि एकच उत्तर जायला हवं. ग्रुपवर कोण जागं आहे यावर ते सोडता येत नाही.

कलम असं लिहा:

"देव आजही आजाऱ्यांना बरे करतो असा आमचा विश्वास आहे, म्हणून आम्ही प्रार्थना करतो. औषध बंद करा, शस्त्रक्रिया टाळा किंवा डॉक्टरांना सोडा असे आम्ही कोणालाही, कधीही सांगणार नाही. कोणी बरे झाले नाही तर त्याचा विश्वास कमी होता असे आम्ही म्हणणार नाही."

याला कायद्याची बाजूही आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची याच पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर तो आला. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हे त्यात गुन्हे आहेत. त्याशिवाय १९५४ च्या केंद्रीय कायद्याने ठरावीक आजार जादूई उपायाने बरे करण्याच्या जाहिराती करता येत नाहीत. तेव्हा "कॅन्सरपासून शंभर टक्के सुटका, आज रात्री लाइव्ह" असली पोस्टर्स करूच नका. मला विचाराल तर कायदा नसता तरी ती करू नयेत. दुखण्याने हतबल झालेल्या माणसाला खोटी हमी देणं हे ख्रिस्ताच्या नावाला शोभत नाही.

कोणाची साक्ष, म्हणजे बरं झाल्याचा अनुभव, प्रसारित करायची असेल तर त्या व्यक्तीची लेखी संमती घ्या आणि निदानाचे कागद स्वतः बघा. कागद नसतील तर साक्ष आपसात ऐका, देवाला धन्यवाद द्या, पण व्हिडिओ टाकू नका.

५. तुम्ही कोणाला उत्तर देता ते नावानिशी लिहा

आपण फार जणांनी शिक्षक होऊ नये, कारण शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल, असं याकोबाच्या पत्रात (३:१) आहे. मोबाइलवर शिक्षक व्हायला कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून ही देखरेख आपणच मागून घ्यायची. तीन ते पाच जणांची समिती नेमा. त्यात सेवेत न बोलणारा निदान एक माणूस आणि एक स्त्री असावी. मुख्य वक्त्याचे नातेवाईक तिथे भरू नका. तक्रार कोणाकडे करायची त्याचा क्रमांक वक्त्याचा नसावा.

६. इतर धर्मीयांशी कसं बोलणार

संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या २९९व्या कलमाखाली जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. राज्याचा या विषयावरचा आजचा कायदा काय आहे, हे वकिलाकडून सुरू करण्याआधी समजून घ्या.

विश्वासपत्रात मात्र कायद्याची भाषा नको, पेत्राची हवी. आपल्या आशेविषयी कोणी विचारलं तर सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या, असं तो १ पेत्र ३:१५ मध्ये सांगतो. विचारल्यावर उत्तर द्यायचं आहे, आणि ते आदराने. त्यातून पाळता येतील असे नियम काढा: कोणत्याही देवदेवतेची, ग्रंथाची, सणाची निंदा नाही. धान्य, फी, नोकरी, लग्न यांचं आमिष नाही. आई-बापांच्या नकळत अठरा वर्षांखालच्या मुलांशी वैयक्तिक चॅट नाही. गणपतीत शेजाऱ्याने प्रसाद दिला तर काय करायचं, असे प्रश्न येतील. उत्तर देताना शेजारी तेच वाचतोय असं समजून लिहा.

७. पैसा

तुम्ही पैसे घेणारच नसाल तर तसं एका ओळीत लिहा, काम संपलं. सुरुवातीला हेच करा असं माझं स्पष्ट मत आहे. फुकट मिळालं आहे, फुकट द्या, ही मत्तय १०:८ मधली शिकवण आहे, आणि मोबाइल, माइक व इंटरनेट यांचा खर्च चार-पाच जणांत भागतो.

घेणार असाल तर वैयक्तिक यूपीआयचा क्यूआर कोड टाकू नका. गणेश मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते हे पुणेकरांना माहीत आहे. धार्मिक कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या आपल्यालाही धर्मादाय कार्यालयाचे नियम आहेत. नियमित देणगी घ्यायची तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ट्रस्टची नोंदणी करा. आणि "देणगीवर करसवलतीची (८०जी) पावती मिळेल" असं छापण्याआधी सीएला विचारा, कारण निव्वळ धार्मिक हेतूच्या ट्रस्टला ती सवलत सहसा मिळत नाही.

परदेशी पैशाची फसगत इथे सर्रास होते. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा केंद्रीय कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना परदेशी देणगी स्वीकारता येत नाही. दुबईत नोकरी करणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्या भावाने स्वतःच्या पगारातून बँकेमार्गे पाठवलेली देणगी परदेशी धरत नाहीत. अमेरिकेची नागरिक झालेल्या बहिणीची मात्र धरतात, ती पुण्यातच जन्मलेली असली तरी. हा फरक सेवेतल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

८. प्रार्थनेच्या विनंत्या

हे छोटं कलम आहे पण जीवघेणं. "अमुक सोसायटीतल्या ताईंच्या नवऱ्याची दारू सुटावी" असं लाइव्हमध्ये वाचलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळतं. विनंती फक्त दोन नेमलेल्या माणसांकडे यावी. नाव घ्यायचं का, हे दर वेळी विचारावं. ठरावीक मुदतीनंतर मेसेज पुसावेत. मारहाण किंवा आत्महत्येचा उल्लेख आला तर फक्त प्रार्थना करून थांबू नका. ११२ वर किंवा जवळच्या माणसापर्यंत कोण पोचणार ते आधी ठरवा.

९. भाषा आणि भाषांतर

बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं भाषांतर बहुतेक मंडळ्यांत वाचतात. मोठे उतारे वापरायचे तर त्यांची परवानगी मागा. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्तिमिशनमध्ये राहून मूळ भाषांवरून केलेलं मराठी भाषांतरही आहे. त्या १९२२ मध्ये वारल्या, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या भजनांचे शब्द मोकळे आहेत, पण कोणाचं रेकॉर्डिंग उचलून मागे लावाल तर ते मोकळं असेलच असं नाही.

मसुदा झाला की दोन ठिकाणी दाखवा. एक, शिकलेल्या माणसाला. पुण्याचं भाग्य असं की बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे आणि नगर रस्त्यावर रामवाडीला पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप या कॅथलिक संस्था. तिथे शिकवणारे-शिकणारे तुमच्या ओळखीत कोणीतरी निघतीलच. दोन, न शिकलेल्या माणसाला. आमच्या मंडळीतल्या भाजीचा गाळा चालवणाऱ्या मावशींना मी मसुदा मोठ्याने वाचून दाखवला. तारणाच्या कलमावर त्यांनी हात वर केला आणि म्हणाल्या, "हे कोणाला सांगतेस? मला सांगत असशील तर 'मनुष्यजात' कशाला, 'आपण' म्हण." ते कलम आम्ही त्याच संध्याकाळी "आपण" धरून पुन्हा लिहिलं.

१०. सही, आणि मग वापर

सेवेत बोलणाऱ्या प्रत्येकाने पूर्ण विश्वासपत्र वाचून सही करावी. एखाद्या कलमावर कोणाचं मन घेत नसेल तर दाबून सही घेऊ नका. तो तांत्रिक काम सांभाळू शकतो, शिकवणार नाही, इतकंच. ग्रुपमध्ये नवा माणूस आला की पहिल्या मेसेजमध्ये हेतूचं वाक्य, तक्रारीचा क्रमांक आणि पूर्ण पानं कुठे वाचायची ते जाऊ द्या.

पाहुणा वक्ता बोलावताना पानं आठ दिवस आधी पाठवा आणि आजारपण आणि चमत्काराचं कलम फोनवर स्वतः वाचून दाखवा. बदल करायचा झाला तर समितीने तारीख घालून करावा आणि काय बदललं ते ग्रुपवर कळवावं. दर वर्षी पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या आठवड्यात समिती बसवा, वर्षातले कुठलेही दहा संदेश काढा, आणि कलमांशी लावून बघा. जो संदेश जुळत नाही तो काढून टाका, आणि का काढला ते ऐकणाऱ्यांना सांगा.